खातं कोणाच्या नावावर?

(घरून उद्योग करणाऱ्या मैत्रिणींच्या एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मसाले, पापड, दिवाळीचा फराळ, गोधड्या, कापडी पिशव्या, बाळंतविडे. इथे बसलेल्या प्रत्येकीच्या हातात काही ना काही कला आहे आणि ती विकण्याचं धाडसही आहे. पूर्वी आपला माल गल्लीत, फार तर ओळखीच्या दुकानात जायचा. आता मोबाइलवर फोटो टाकला की नाशिकच्या बाईची गोधडी बंगळुरूला पोचते. माल कुरियरने जातो. पैसे कुठे येतात? आज मला या ‘कुठे’बद्दल बोलायचं आहे.

शिबिरांमधून आम्ही एक साधा प्रश्न विचारतो. गिऱ्हाइकाला तुम्ही जो क्यूआर कोड पाठवता तो कोणाच्या खात्याचा आहे? आधी कुणी बोलत नाही. मग हळूहळू उत्तरं येतात. ‘ह्यांच्या.’ ‘मुलाच्या.’ ‘दिरांच्या दुकानाचा आहे, तोच चालवून घेतो.’ आणि लगेच पुढचं वाक्य, ‘घरातच तर जातात पैसे!’

घरातच जातात, खरं आहे. नवरे चोर असतात असं कुणी म्हणत नाही. पण पैसे दुसऱ्याच्या खात्यात गेले की काय काय होतं, ते जरा मोजून पाहू. वर्षभरात तुम्ही तीन लाखांचा माल विकला, तरी बँकेच्या दृष्टीने तुमची उलाढाल शून्य. मोठं गिरणी-यंत्र घ्यायला कर्ज मागायला गेलात तर दाखवायला काही नाही. प्राप्तिकराचं विवरणपत्र त्यांच्या नावाने भरलं जाणार. उद्या नवरा गेला तर त्याचं खातं वारसाची कागदपत्रं होईपर्यंत थांबणार आणि त्यात तुमचं भांडवलही अडकणार. वेगळं राहण्याची वेळ आली तर ‘हिने कधी काही कमावलंच नाही’ हे वाक्य कोर्टात ऐकावं लागणार. कष्ट दिसत नाहीत ही बाईच्या कामाची जुनीच तक्रार आहे. आता यंत्र प्रत्येक रुपयाची नोंद ठेवतं, पण ती नोंद दुसऱ्याच्या नावावर होते.

कायदा या बाबतीत आपल्या बाजूने आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६, कलम १४ सांगतं की बाईने स्वतःच्या कौशल्याने वा कष्टाने मिळवलेली मालमत्ता पूर्णपणे तिची. मुस्लिम कायद्यातही बायकोच्या कमाईवर नवऱ्याचा हक्क नाही. ख्रिस्ती आणि पारशी बायकांसाठी तर १८७४ सालीच तसा कायदा झाला. हक्क आहे, पण तो सिद्ध करायला कागद लागतो, आणि बँकेचं खातं हा त्यातला पहिला कागद.

या वाटेवर आपण पहिल्या नाही. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभी राहिली. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवडला, चेतना गाला सिन्हा आणि तिथल्या बायकांनी १९९७ साली स्वतःची सहकारी बँक काढली. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला होता, कारण अर्जावर अंगठे होते. बायका अक्षरं शिकल्या आणि पुन्हा अर्ज घेऊन गेल्या. पुढे याच बँकेतल्या बायकांनी पिनऐवजी अंगठ्याचा ठसा मागितला. पिन कोणीही बघून घेईल, अंगठा कोण नेणार, असा त्यांचा हिशेब होता. अंगठा ही ज्यांच्या अडाणीपणाची खूण मानली गेली, त्यांनीच तो आपल्या पैशाचं कुलूप केला. बँकेची सोय निवडायची ती अशी, आपल्या घरातली परिस्थिती डोळ्यांसमोर ठेवून.

पहिलं पाऊल : खातं

धंद्याचं खातं घरखर्चाच्या खात्यापासून वेगळं असावं, आणि ते फक्त तुमच्या नावाचं असावं. वेगळं का, तर दोन कारणं. एक, नफा झाला की तोटा हे कळतं. दुसरं कारण अलीकडचं आहे. फसवणुकीतले पैसे फिरत फिरत कुणा गिऱ्हाइकाकडून तुमच्या खात्यात आले आणि सायबर पोलिसांकडे तक्रार गेली, तर बँक ती रक्कम, कधी संपूर्ण खातंच, गोठवते. तुमचा दोष नसतानाही. अशा वेळी मुलांची फी आणि दूधवाल्याचे पैसे निदान दुसऱ्या खात्यात सुरक्षित राहतात.

सुरुवातीला बचत खात्यावर भागतं. पण बचत खातं धंद्यासाठी नाही असं बँकांचे नियम सांगतात, आणि रोज पंधरा-वीस रकमा येऊ लागल्या की बँक विचारणा करते. तेव्हा चालू खातं काढायचं. चालू खात्यावर व्याज मिळत नाही, आणि किमान शिल्लक ठेवावी लागते. ती किती, न ठेवल्यास दंड किती, रोख भरण्याला शुल्क आहे का, हे खातं उघडण्याआधी लेखी विचारा. दोन-तीन बँकांचे आकडे एका कागदावर मांडा. फरक पाहून आश्चर्य वाटेल.

चालू खात्यासाठी धंद्याचा पुरावा लागतो. उद्यम नोंदणी आधार क्रमांकावर ऑनलाइन होते आणि सरकारी संकेतस्थळावर ती पूर्णपणे मोफत आहे. तिचे पैसे घेणारे एजंट भेटतील, त्यांना नमस्कार करा. दुकान-आस्थापनेच्या कायद्याखाली, महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्यानुसार, कामगार ठरावीक संख्येपेक्षा कमी असतील तर फक्त सूचना द्यायची असते, तिची पावती मिळते. खाद्यपदार्थ असतील तर अन्नसुरक्षा नोंदणी हवीच. जीएसटीचंही एक लक्षात ठेवा. राज्यातल्या राज्यात मालाची विक्री वर्षाला ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही. पण स्वतः थेट परराज्यात माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागते. ठरावीक हस्तकलेच्या वस्तूंना यात सवलत आहे. गोधडीवाल्यांनी आणि चटणीवाल्यांनी आपापला नियम वेगवेगळा विचारून घ्यावा.

आता सगळ्यात मोठी अडचण, जी पुरुषांना कधी येत नाही. नावाची. पॅन कार्डावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच काहीतरी. लग्नात नाव बदलायचं हे समाजाने ठरवलं, आणि संगणक म्हणतो नावं जुळत नाहीत. कार्डाने पैसे घेण्याची सोय देणाऱ्या कंपन्या पॅनवरचं आणि खात्यावरचं नाव अक्षरशः पडताळून पाहतात. तिथे अर्ज अडकतो आणि घरातून सल्ला येतो, ‘जाऊ दे ना, माझ्या नावाने कर.’ या सल्ल्याला बळी पडू नका. कोणतं नाव ठेवायचं ते तुम्ही ठरवा, माहेरचं ठेवायलाही कायद्याची आडकाठी नाही. मग सगळे कागद त्या एका नावावर आणा. दोन-तीन महिने जातील, पण एकदाच.

खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक तुमचा हवा, आणि सिम तुमच्या फोनमध्ये हवं. ओटीपी ज्याच्या फोनवर येतो, खातं त्याचंच असं समजा. वारस म्हणून कोणाचं नाव लावायचं तेही विचार करून ठरवा. ते नवऱ्याचंच लावलं पाहिजे असं नाही. मुलीचं, आईचं, बहिणीचंही लावता येतं.

बँक कोणती? २०१३ साली मुंबईत भारतीय महिला बँक सुरू झाली तेव्हा आपल्याला किती आनंद झाला होता! २०१७ च्या एप्रिलमध्ये ती स्टेट बँकेत विलीन झाली. तेव्हा पाटीवरच्या नावापेक्षा शाखा पाहावी. चालत जाण्याइतकी जवळ आहे का, काउंटरवर तुमच्याशी बोलतात की सोबतच्या पुरुषाशी, तक्रार ऐकून घेतात का. सहकारी बँक जवळची वाटते, आणि बऱ्याचदा असतेही. पण २०१९ च्या सप्टेंबरमध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता येत होते, हे विसरू नका. ठेव विम्याचं संरक्षण २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत आहे. तेवढं ध्यानात ठेवून पैसा ठेवा.

दुसरं पाऊल : यूपीआय

२०१६ साली यूपीआय आलं आणि भाजीवालीपासून सगळ्यांच्या हाती क्यूआर कोड आला. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डाच्या पेमेंटवर दुकानदाराकडून टक्केवारी घ्यायची नाही असा नियम आहे. म्हणजे गिऱ्हाइकाने थेट तुमच्या क्यूआरवर पाचशे दिले तर पाचशेच येतात. छोट्या धंद्याला ही सर्वांत स्वस्त सोय. सुरुवात इथूनच करा. बँकेकडून धंद्याचा क्यूआर मागून घ्या, म्हणजे समोर तुमच्या उद्योगाचं नाव दिसेल.

दोन सावधगिऱ्या. पैसे मिळाल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. तो खोटा बनवता येतो. खात्यात रक्कम दिसल्याशिवाय पार्सल पॅक करू नका. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. ‘मी लष्करात आहे, मोठी ऑर्डर द्यायची आहे, एवढा पिन टाका’ असा फोन आला की तो ठेवून द्या.

तिसरं पाऊल : कार्ड

मग कार्डाची कटकट कशाला? तीन प्रकारच्या गिऱ्हाइकांसाठी. मोठी ऑर्डर क्रेडिट कार्डावर देणारे, दिवाळीच्या भेटी घेणारी ऑफिसं, आणि परदेशात राहणारी आपली माणसं. ही गिऱ्हाइकं तुमच्याकडे नसतील तर कार्डाच्या मागे लागू नका. असतील तर पुढचं नीट ऐका.

गिऱ्हाईक कार्डाचा क्रमांक टाकतं तेव्हा मध्ये चार जण असतात. त्याला कार्ड देणारी बँक, व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेसारखं जाळं, व्यापाऱ्यासाठी पैसे गोळा करणारी कंपनी, म्हणजे जिला आपण बोलताना ‘गेटवे’ म्हणतो, आणि शेवटी तुमची बँक. या गोळा करणाऱ्या कंपन्यांवर रिझर्व्ह बँकेने २०२० साली नियम घातले. मान्यता घ्यावी लागते आणि व्यापाऱ्याचे पैसे वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावे लागतात. मान्यताप्राप्त कंपन्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर असते. यादीत नाव नसेल तर कितीही स्वस्त असो, नको.

स्वतःची वेबसाइट नसली तरी चालतं. बहुतेक कंपन्या पेमेंट लिंक देतात. ती गिऱ्हाइकाला मोबाइलवर पाठवायची, तो कार्डाने पैसे भरतो. गिऱ्हाइकाचा कार्ड क्रमांक मात्र वहीत, फोनमध्ये, कुठेही लिहून ठेवू नका. १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्याने तो साठवायलाच बंदी आहे.

आता खर्च. क्रेडिट कार्डाच्या शुल्काला कमाल मर्यादा नाही, ते साधारण दोन टक्क्यांच्या आसपास पडतं. समजा तुमची गोधडी तीन हजारांची आहे. दोन टक्के म्हणजे ६० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, १० रुपये ८० पैसे. हातात येतात २,९२९ रुपये २० पैसे. दोन हजारांपर्यंतच्या व्यवहारावर या करात सवलतीची तरतूद आहे, म्हणून बिलात कर कसा लावला ते पाहा. डेबिट कार्डाचं वेगळं आहे. वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असणाऱ्या व्यापाऱ्याला रिझर्व्ह बँकेने २०१८ पासून ०.४० टक्के ही कमाल मर्यादा घातली आहे, आणि हे शुल्क गिऱ्हाइकाकडून वेगळं वसूल करायचं नाही असंही सांगितलं आहे. यूपीआयवर टक्केवारी नसली तरी गेटवे कंपनी आपल्या सेवेचं शुल्क लावू शकते. म्हणून यूपीआयवाल्या गिऱ्हाइकाला थेट आपला क्यूआर द्यावा आणि लिंक फक्त कार्डवाल्यांना पाठवावी.

हे सत्तर रुपये कुठून काढायचे? बहुतेकजणी आपल्या मजुरीतून काढतात. कापड, दोरा, कुरियर यांची किंमत धरतात, आणि रात्री जागून घातलेल्या टाक्यांची किंमत धरतच नाहीत. तेव्हा भाव ठरवताना आधी आपले तास मांडा, मग शुल्क मांडा. मजुरी धरल्यावर भाव परवडत नसेल तर तो मालच परवडत नाही.

करार करण्यापूर्वी हे प्रश्न विचारा, आणि उत्तर ईमेलवर मागा. सुरुवातीचं आणि वार्षिक शुल्क आहे का? प्रत्येक प्रकारच्या कार्डाला दर किती? पैसे माझ्या खात्यात किती दिवसांनी जमा होतात? साधारण दोन कामाचे दिवस लागतात, पण दिवाळीच्या हंगामात तेल-साखर उधार आणणारीला दोन दिवसही मोठे असतात. माल परत आला आणि पैसे परत केले तर शुल्क परत मिळतं का? बहुतेक ठिकाणी मिळत नाही. कंपनी माझे पैसे रोखून धरू शकते का, कोणत्या कारणाने, किती काळ? मराठीत बोलणारं माणूस फोनवर मिळतं का? आणि करार सोडायचा तर काय?

माल मिळाला नाही किंवा हा व्यवहार माझा नाही, अशी तक्रार गिऱ्हाईक आपल्या बँकेकडे करू शकतं. त्याला चार्जबॅक म्हणतात. रक्कम आधी तुमच्याकडून अडवली जाते आणि पुरावा तुम्ही द्यायचा असतो, तोही ठरलेल्या मुदतीत. म्हणून कुरियरची पावती, पोच, पॅकिंगचा फोटो, गिऱ्हाइकाशी झालेलं बोलणं, सगळं जपून ठेवा. माल परत घेण्याचे नियम आधीच सांगून ठेवा. खाण्याच्या वस्तू परत घेणार नसाल तर तसं स्पष्ट लिहा.

परदेशातल्या भाच्याला, मैत्रिणीच्या लेकीला फराळ पाठवणाऱ्या इथे बऱ्याचजणी आहेत. परदेशी कार्डाची सोय वेगळी मागून घ्यावी लागते आणि तिचा दर जास्त असतो. आपल्याकडे २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहाराला दुसरी पडताळणी सक्तीची आहे. बाहेरच्या कार्डांना ती असेलच असं नाही, म्हणून तक्रारींचा धोकाही अधिक. शिवाय धंदा म्हणून माल बाहेर पाठवायचा तर आयात-निर्यात क्रमांक काढावा लागतो. चार डब्यांसाठी हे करायचं की नाही, याचा हिशेब करूनच ठरवा.

गटाच्या मैत्रिणींसाठी

बचत गटाच्या खात्यावर दोघी-तिघींच्या सह्या लागतात. अशा संयुक्त सहीच्या खात्यावर आपलं नेहमीचं यूपीआय ॲप सहसा चालत नाही. मग काय होतं, तर गटाचे पैसे अध्यक्षबाईंच्या, नाहीतर त्यांच्या मुलाच्या खात्यात येऊ लागतात. सोय म्हणून सुरू होतं आणि गट फुटतो तो इथेच. बँकेकडे गटाच्या खात्याला जोडलेला, फक्त पैसे स्वीकारणारा क्यूआर मागा. पैसे आत येऊ देत, बाहेर मात्र सह्या होऊनच जाऊ देत. आणि दर महिन्याच्या बैठकीत खात्याचा उतारा मोठ्याने वाचा.

शेवटी तक्रारीबद्दल. बँकेने काही चुकीचं केलं तर आधी शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. वकील लागत नाही, पैसे लागत नाहीत. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. फसवणूक झाली तर एक मिनिटही रडण्यात घालवू नका, १९३० ला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. आणि घरी कळलं तर काय म्हणतील, या भीतीने गप्प बसू नका. फसवणारा गुन्हेगार असतो, फसलेली बाई नाही.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, एवढ्याशा धंद्याला केवढा पसारा! पण दुकानदाराने गल्ला दुसऱ्याच्या हातात देऊन कधी धंदा केलाय का? आपल्या ऑनलाइन दुकानाचा गल्ला म्हणजे हे खातं. त्याची किल्ली घेताना घरात थोडी कुरबुर होईल. ‘आता हिचं वेगळं खातं!’ असा टोमणाही येईल. भांडून नव्हे, पण ठामपणे सांगा की पैसे घरासाठीच खर्च होतील, फक्त ते माझ्या हाताने खर्च होतील.

जेवणाच्या सुट्टीनंतर त्या कोपऱ्यातल्या टेबलावर आपण उद्यम नोंदणीचे फॉर्म भरणार आहोत. आधार, पॅन आणि आपला स्वतःचा फोन घेऊन या. ज्यांची नावं जुळत नाहीत त्यांनी आधी या, त्यांना वेळ जास्त लागेल.